रेघेपर्यंत भरलेली नळी

९ जून

ताई,

नमस्कार जागेवर आहे असं समज. आधी तक्रार नोंदवून घे. तू बत्तीस वर्षं पाणीखात्याच्या तक्रार-खिडकीमागे बसलेली बाई, तुला तक्रारीशिवाय पत्राची सुरुवात झाल्यासारखी वाटत नाही.

तुझं पार्सल मिळालं. मिळालं म्हणजे पोस्टमननं हातात ठेवलं. आतली वस्तू हाती लागायला पाऊण तास गेला, कारण त्या खोक्याला तू चिकटपट्टी नेसवली आहेस. आडवी, उभी, तिरकी, आणि कोपऱ्यांवर पुन्हा वेगळी. माझ्या दुकानात चष्म्यांचे स्क्रू फिरवायचे सतरा पेचकस आहेत. एकही चालला नाही. शेवटी तुझी भावजय भाजीची सुरी घेऊन आली, ती सुरीच खोक्याला चिकटली, आणि खोकं, सुरी नि तुझी भावजय अशी तिघं काही वेळ एकत्र होती. माझ्या तीन बोटांना अजून गोंद आहे. काल एका गिऱ्हाईकाच्या कोऱ्या भिंगावर अंगठा असा उमटला की त्या बाईंनी विचारलं, ह्या नक्षीचे वेगळे पैसे आहेत का. ह्या मानहानीची नोंद व्हावी.

आता खोक्यातल्या ऐवजाबद्दल. एक प्लॅस्टिकची नळी, तिच्यावर एक निळी रेघ, एक इवलं नरसाळं, चौदा पानांची माहितीपुस्तिका आणि एक फॉर्म. ह्या नळीत मी रेघेपर्यंत थुंकायचं, झाकण लावायचं, आणि ती थुंकी पोस्टानं तुझ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत पाठवायची. मग तिथली शहाणी मंडळी माझी जनुकं वाचतील आणि मला कुठली गोळी चालेल ते सांगतील.

ताई, मार्चमध्ये माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. तिथं गुठळी धरू नये म्हणून रोज सकाळी एक गोळी घेतो. गोळी देणारा डॉक्टर, घेणारा मी, पचवणारं माझं पोट. ह्या व्यवहारात खापरपणजोबांना मध्ये घ्यायचं कारण काय? उद्या शिंक आली तरी वंशावळ मागतील. माझ्याआधी लाखो माणसांनी हीच गोळी घेतली आणि ती धडधाकट फिरताहेत. त्यांना कुणी थुंकायला लावलं नव्हतं.

हे फोनवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं. पण तुझ्या मते तोंडी नकार ग्राह्य धरता येत नाही. म्हणून हा लेखी.

तुझा,
बारक्या
(वजन एक्क्याण्णव किलो. ह्या नावावर आता तरी पुनर्विचार व्हावा.)


१६ जून

चि. बारक्या,

तुझा लेखी नकार मिळाला. आवक क्रमांक घातला. फेटाळला.

कारणं देते, नाहीतर म्हणशील ताई दादागिरी करते. तू गोळी गिळतोस तेव्हा ती औषध नसते, कच्चा माल असते. यकृतात तिच्यावर काम होतं, मग ती औषध होते. ते काम करणारं द्रव्य शरीर स्वतःच बनवतं. ते कसं बनवायचं ह्याची कृती आपल्याला जन्मतः मिळते, एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. काही जणांच्या दोन्ही प्रती चुकीच्या असतात. त्यांच्या पोटात ही गोळी जाते, हिंडते-फिरते आणि आली तशी निघून जाते. गुठळीला तिनं बोटसुद्धा लावलेलं नसतं.

माझं तसं आहे. दोन्ही प्रती चुकीच्या. गोळी रोज घेत असताना मला दुसरा झटका आला तो त्यामुळे. त्यावर आत्ता जास्त लिहीत नाही. एक प्रत आईची, एक बाबांची, आणि तू कितीही सुधारलेला असलास तरी तुझे आईबाप तेच आहेत. आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सख्ख्या भावंडात दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याची शक्यता चारात एक, कमीत कमी. तसं निघालं तर गोळी बदलायची. दुसरी गोळी आहे, ती यकृताच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. मी आता तीच घेते. इतकी साधी गोष्ट आहे.

राहिले तुझे धडधाकट लाखो. तुझ्या दुकानाची पाटी मी पाहिली आहे. ‘नंबर तपासून चष्मा मिळेल’ असं लिहिलंयस. शेजारणीला बरं दिसतं म्हणून तिचाच चष्मा कुणी मागितला तर तू त्याला दुकानाबाहेर काढशील. एकाच माणसाच्या डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगळी भिंगं घासून देणारा गृहस्थ मला विचारतो, औषध माणूस बघून का द्यायचं.

थुंक.

ताई

ता.क. चिकटपट्टीबद्दलची तक्रार विचाराधीन आहे.


२४ जून

ताई,

चष्म्याचा मुद्दा लागला. तीन दिवस उत्तर शोधलं, सापडलं नाही. एका गिऱ्हाईकालाही विचारून पाहिलं, तो तुझ्याच बाजूनं बोलला. त्याच्या चष्म्याची दांडी मी मुद्दाम घट्ट ठेवली आहे.

तेव्हा काल थुंकायला बसलो. पुस्तिकेत म्हटलंय, आधी अर्धा तास खायचं-प्यायचं नाही, चूळही भरायची नाही. इथपर्यंत जमलं. पण माणसाला ‘थुंक’ असा सरकारी हुकूम सुटला की त्याचं तोंड ताबडतोब कोरडं पडतं, हे कुणी शास्त्रज्ञानं लक्षात घेतलेलं दिसत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत नुसता फेस. फेस धरायचा नाही असं पान सहावर आहे. तुझी भावजय म्हणाली, लिंबाचा विचार करा. विचार केला. लिंबू डोळ्यांसमोर इतकं स्वच्छ आलं की त्याच्यावरचे डाग दिसायला लागले, तोंडात मात्र काही नाही. मग तिनं खरंच लिंबू आणून माझ्यासमोर चिरलं. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. माझ्या नाही. रोजची ती दुसरी, रक्तदाबाची गोळी तोंड कोरडं करते म्हणतात, त्यामुळेही असेल.

तासाभरानं नळीत नखाएवढी पातळी होती आणि रेघ माझ्याकडे वरून बघत होती. तेवढ्यात चार वाजले आणि मेहुणे आले. तुझ्या भावजयीचा हा थोरला भाऊ बंदरावरच्या तिकीट-तपासनिसाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून रोज चारला चहाला येतो आणि साडेपाचपर्यंत देशाचा कारभार आमच्या स्वयंपाकघरातून चालवतो. काल विषय बंदरावरच्या नव्या जेटीचा होता. मी नळी हातात घेऊन बसलो होतो.

असो. नळी रेघेपर्यंत भरली, थोडी वरच गेली. झाकण लावलं, हलवली, पोस्टात टाकली. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काय आहे. म्हटलं, कौटुंबिक ठेव.

आता तुझं समाधान झालं असावं.

बारक्या


१९ जुलै

चि. बारक्या,

रिपोर्ट आला. तुझ्या दोन्ही प्रती ठणठणीत. गोळी तुझ्या अंगात पूर्ण काम करते.

प्रयोगशाळेच्या खिडकीवर तो कागद मी तीनदा वाचला. मग डॉक्टरीणबाईंकडून वाचून घेतला, कारण मी वाचलेलं बरोबर असेलच असं त्या क्षणी मला वाटेना. बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसले. एक वॉर्डबॉय पाणी घेऊन आला, त्याला वाटलं काही वाईट कळलंय. म्हटलं, बाबा, भाऊ सुटला माझा. तुझ्या डॉक्टरांना प्रत कालच पाठवली आहे.

आता तू सुटलास म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. जून महिन्यात लिहायची टाळली होती.

गेल्या वर्षी मला दुसरा झटका आला तेव्हा पहिल्या दिवशी नर्स म्हणाली, आजी, गोळ्या विसरत जाऊ नका. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, नियमितपणा हवा. मी म्हटलं, एकही चुकलेली नाही. ते हसले. बारक्या, मी प्रत्येक गोळीच्या पाकिटामागे पेनानं तारीख घालते. रिकामी पाकिटं फेकत नाही. पाणीखात्यात आमच्याकडे तेरा वर्षांपूर्वीच्या गळतीचा कागद दोन मिनिटांत निघायचा. ते गठ्ठे मी दवाखान्यात मागवून घेतले, खाटेवर मांडले. कुणी वर मान करून पाहिलं नाही. म्हातारीनं चुकवली असणार, नाहीतर गुठळी झालीच कशी?

हे परक्यांचं ठीक आहे. पण तूसुद्धा लिहिलंस, ‘ताई, गोळ्यांच्या बाबतीत हलगर्जीपणा बरा नव्हे.’ आणि मावशीलाही तेच कळवलंस. मावशीला कळवलं म्हणजे सगळ्या आप्तांना कळवलं. मावशीनं मला वारांची नावं लिहिलेली गोळ्यांची डबी पाठवली. तिच्यात मी शिवणाची बटणं ठेवते.

चार महिन्यांनी डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या, त्यांनी जनुकं तपासली आणि माझी गोष्ट खरी निघाली. तोवर कुणाच्या ती लक्षातही नव्हती.

हे उकरून काढायला लिहिलं नाही. तुझा कागद बघून मन हलकं झालं, त्यात हेही निघालं.

ताई


२ ऑगस्ट

ताईंना नमस्कार,

हे पत्र मी ह्यांच्या नकळत लिहिते आहे. कपाटातला लिहायचा कागद दोनदा माझ्या हातात बघून त्यांनी विचारलं, वाणसामानाची यादी का? मी हो म्हटलं. तेव्हा ही यादीच समजा.

ह्यांचं काही बरोबर नाही. घरापासून दुकान सहा मिनिटांवर. हल्ली चौदा लागतात. वाटेत दोनदा थांबतात. एकदा कुलपांच्या दुकानासमोर, तिथं उभं राहून कुलपं बघतात. दुसऱ्यांदा शिंप्याच्या दारात. आठ-दहा दिवसांत ह्यांनी इतकी कुलपं पाहिली की दुकानदारानं मला विचारलं, चोरी झाली का.

गेल्या गुरुवारी दुकानात एक शिक्षिका नंबर तपासायला आल्या होत्या. त्या तक्त्यावरची अक्षरं वाचत होत्या. तिसरी ओळ वाचून झाली, ‘पुढची’ असं कुणी म्हणेना. वळून बघतात तर हे फ्रेमच्या कपाटाला टेकून जमिनीवर बसलेले. कपाळावर घाम. त्या घाबरून मला बोलवायला आल्या. मी पोचेपर्यंत हे खुर्चीवर बसले होते आणि म्हणत होते, स्क्रू पडला होता, शोधत होतो.

बळेच डॉक्टरांकडे नेलं, तिथं छातीत दुखतं म्हणून कबूल केलं. त्यांनी छातीचा आलेख काढला, तो बरा आला. मग तुम्ही पाठवलेला रिपोर्ट काढला, म्हणाले, ह्यांना गोळी उत्तम लागू आहे, तेव्हा जाळीची काळजी नको, पोटातला वायू असेल. वायूची गोळी दिली. रिपोर्टचं नाव निघालं तसा ह्यांचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं आता डॉक्टरांपुढेच बसकण मारतात.

दुसरं म्हणजे आमचा दादा हल्ली विचित्र वागतो. चहाला येतो आणि ह्यांच्याकडे बघून हसतो. रिपोर्टची एक नक्कल मला हवी म्हणाला, फ्रेम करायला. परवा तर मला म्हणाला, “तुझ्या नवऱ्याचं यकृत आपल्या घराण्यातलं आहे बरं का.” मी म्हटलं, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तेवढं लागतंच. ह्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

तुम्ही त्यांना जरा समजावून लिहा. माझं ऐकत नाहीत.

तुमची भावजय


८ ऑगस्ट

चि. बारक्या,

मला कळलंय. कुणाकडून ते विचारू नकोस आणि तिला बोलू नकोस.

तो रिपोर्ट नसता तर आज पत्र लिहीत बसले नसते. पहिली गाडी पकडून तुझ्या दारात उभी राहिले असते. छातीत दुखणं, घाम, चालताना थांबणं, हे सगळं मला झटक्याआधी झालं होतं, अगदी ह्याच क्रमानं. पण तुझी गोळी काम करते आहे हे कागदावर आहे, म्हणून मी निर्धास्त आहे. तुझे डॉक्टर म्हणतात तर वायूच असेल. तू हरभरे फार खातोस.

आणखी एक. इथं डॉक्टरीणबाई मला अधूनमधून बोलावतात, नव्या पेशंटना ह्या तपासणीची भीती वाटते त्यांच्याशी बोलायला. परवा एक बाई रडत होती, तिच्या भावाची तपासणी करायला घरचे तयार नव्हते. मी तुझा रिपोर्ट पर्समधून काढून दाखवला. म्हटलं, हे बघा, मी अशी आणि माझा सख्खा भाऊ असा. घाबरायचं काही नाही, नुसतं विचारून घ्यायचं. ती तुझा कागद धरून बराच वेळ बसली होती.

नीट खा. चालताना थांबावंसं वाटलं तर थांब, कुलपं बघायचं नाटक नको.

ताई


१३ ऑगस्ट

ताई,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. माझं टोकन एकतीस, आत्ता बारावा माणूस आत गेला आहे. फोन करायला हवा होता. तीनदा नंबर फिरवला आणि तीनदा तू उचलायच्या आत ठेवला. तोंडी मला हे सांगता येणार नाही.

ती नळी माझी नाही. म्हणजे नळी माझी, फॉर्मवर नाव माझं, सही माझी. थुंकी मेहुण्यांची.

चार वाजले होते, नळीत नखाएवढं काही होतं, आणि मेहुणे जेटीवर बोलत होते. तू त्यांना बोलताना पाहिलं आहेस. समोरच्यानं बशी आडवी धरावी लागते. तुझी भावजय दूध आणायला खाली गेली होती. मी म्हटलं, जरा ह्यात बोला. ते म्हणाले, काय करायचंय? म्हटलं, ताईचं समाधान. मी आपलं नखभर ओतून टाकलं, नळी धुतली, त्यांच्या हातात दिली. दोन मिनिटांत रेघ ओलांडली, आणि वर विचारतात, अजून एखादी आहे का. तुझ्या पर्समधला तो कागद म्हणजे एका निवृत्त तिकीट-तपासनिसाचं यकृत आहे.

आता म्हणशील, का. रेघ गाठता येत नव्हती हे खरं आहे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसता आलं असतं. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. माझं तुझ्यासारखं निघालं असतं तर गेल्या वर्षी तुला लिहिलेलं पत्र मला परत वाचावं लागलं असतं. तुझी गठ्ठे बांधून ठेवलेली पाकिटं. मी तेव्हा हसलो होतो, ताई. मावशीला लिहिताना विनोदही केला होता.

रिपोर्ट चांगला आला म्हणून तू पायरीवर बसलीस, ते वाचलं त्या दिवशीच सांगायचं होतं. नाही सांगितलं. मग मलाच दुखायला लागलं. डॉक्टरांनी मेहुण्यांच्या यकृताच्या भरवशावर मला वायूची गोळी दिली आणि मी तिथं बसून मान हलवली. तुला ह्याहून मूर्ख माणूस बत्तीस वर्षांत खिडकीवर भेटला असेल तर त्याचं नाव कळव.

आणि ती बाई माझा कागद धरून बसली. ते वाचून मी आज दुकान उघडलं नाही. सरळ इथं आलो.

सतरावा आत गेला. आत गेल्यावर आधी हे सांगणार आहे, मग छातीचं. पत्र बाहेरच्या पेटीत टाकतो, म्हणजे परत घेता येणार नाही.

बारक्या


१६ ऑगस्ट

बारक्या,

पत्र आज मिळालं. तुझ्या घरी फोन केला, भावजय म्हणाली तुला दाखल केलंय, उद्या रक्तवाहिनीत नळी घालून बघणार आहेत. मी संध्याकाळच्या गाडीनं निघते आहे. हे पत्र बहुधा माझ्यानंतर पोचेल, तरी लिहिते, कारण समोर आल्यावर मी बोलणार नाही. बोलले तर तुझ्या छातीला झेपणार नाही.

पन्नाशी उलटलेला माणूस. डोळ्यांचे आकडे पाव-पाव नंबरानं मोजतोस. आणि स्वतःच्या जिवाच्या बाबतीत, घ्या, ह्यात बोला.

ती जी बाई होती, तिला मी आज शोधून काढलं. पत्ता फाईलीत होता. सांगितलं की दाखवलेला कागद चुकीचा होता. तिनं विचारलं, म्हणजे तपासणी चुकते का? मी म्हटलं, तपासणी बरोबर होती, भाऊ चुकला. ती म्हणाली, “मग माझ्याला मी स्वतः उभी राहून थुंकायला लावीन.” तेवढंच चांगलं झालं.

तुझ्या मेहुण्याला सांग, मी येते आहे. चारला यायचं असेल तर दोन दिवस येऊ नये.

ताई


११ सप्टेंबर

ताई,

तू पोचल्याचा निरोप मिळाला. आठ दिवस राहिलीस आणि एकूण चौदा वाक्यं बोललीस, त्यांतली नऊ नर्सशी. मोजायला माझ्याकडे दुसरं काम नव्हतं. खाटेशेजारी तुझी शिवणकामाची पिशवी घेऊन बसायचीस, आणि माझी सकाळची गोळी नर्सच्या हातून आधी स्वतःच्या हातात घेऊन, वाचून, मगच मला द्यायचीस. बिचारी शेवटी शेवटी गोळी थेट तुलाच द्यायला लागली.

तू गेल्यावर काल रिपोर्ट आला. ह्या वेळी दंडातून रक्त घेतलं, मी, सुई आणि साक्षीला दोन परिचारिका. दोन्ही प्रती चुकीच्या, ताई. तुझ्यासारख्याच. डॉक्टरांनी कागद उलटा करून माझ्यापुढे धरला आणि बोट ठेवलं, मी तसा रोज तक्ता धरतो. मार्चपासून दीडशेच्या वर गोळ्या घेतल्या, सगळ्या फिरून निघून गेल्या. जाळीच्या तोंडाशी गुठळी धरायला लागली होती, ती त्यांनी काढली हे तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांची गोष्ट होती. कशाची गोष्ट, ते मी विचारलं नाही.

डॉक्टर स्वतःवरही वैतागले होते. म्हणाले, छातीत दुखणारा माणूस समोर असताना मी कागदाकडे बघितलं, हे माझं चुकलं. मेहुण्यांनाही त्यांनी बोलावून घेतलं आणि पाच मिनिटं सुनावलं. मेहुण्यांना पाच मिनिटं गप्प बसलेलं मी प्रथमच पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, जावई, पुन्हा काही लागलं तर सांगा, पण हे नको.

नवी गोळी दिवसातून दोनदा घ्यायची आहे. पहिल्या दिवसापासून पाकिटामागे पेनानं तारीख घालतो आहे. कालपासून दुकान सुरू केलं. सहा मिनिटांत पोचलो. कुलपांचा दुकानदार दारात उभा होता, त्याचा जरा हिरमोड झाला.

तुझी आठवण काढणारं इथं बरंच आहे, पण तू एवढ्यात येऊ नकोस. चौदा वाक्यं पुरवून वापरतो आहे.

बारक्या


११ सप्टेंबर

मावशी,

नमस्कार. माझी तब्येत ठीक आहे, तू ताईकडून ऐकलं असशीलच. वेगळ्या कामासाठी लिहितो आहे, तेव्हा चष्मा लावून वाच. मीच दिलेला आहे, त्याचा नंबर अजून बरोबर आहे.

गेल्या वर्षी ताईला दुसरा झटका आला तेव्हा मी तुला लिहिलं होतं की तिनं गोळ्यांमध्ये हयगय केली. शेवटी एक विनोदही लिहिला होता, तुला तो आवडला होता असं तू कळवलंस. ते खोटं होतं. ताईनं एकही गोळी चुकवली नव्हती. ती गोळी तिच्या अंगाला लागूच पडत नव्हती. माझ्याही पडत नाही. आम्हा दोघांच्या रक्तातच ते आहे. तिनं तेव्हाच सांगितलं होतं, आणि पाकिटं मांडून दाखवली होती. मी बघितली नाहीत.

हे तू ज्यांना ज्यांना सांगितलं असशील त्यांना आता हेही कळव. दुरुस्ती म्हणून कळव, गंमत म्हणून नको. आत्या, दोन्ही काका, दिवाणखान्यात बसून सगळं ऐकणारी तुझी ती मैत्रीण, आणि ताईच्या ऑफिसातल्या त्या हेडक्लार्कबाई. त्यांनाही कळलं होतं म्हणे. तुझी यादी माझ्या यादीपेक्षा मोठी असणार, मला अंदाज आहे. ताईला मी हे लिहिल्याचं सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

सोबत नऊ पाकिटं आहेत. तिकिटं लावून ठेवली आहेत. पत्ते तेवढे तू घाल.

तुझा,
बारक्या